सीट कव्हरवाल्यांचे सोळा टूटू

रविवार, अकरा जानेवारी. वेळ सकाळी सव्वादहा. जागा काळेवाडीतला आमचा गाळा.

हजर: मी, म्हणजे वंदना, सुलभाताई, शकीला, ज्योती. शिवाय वाकडला बॅले शिकवणाऱ्या अन्विता मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी सई.

गैरहजर: मंगल. कारण, रांजणगावच्या कंपनीत मुलाखत.

काम: पहिल्या टूटूची (बॅलेच्या घेरदार पोशाखाची) ट्रायल. निकाल: नापास.

वहीत एवढंच आहे. ‘नापास’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत, आणि दुसरी इतकी दाबून मारली आहे की पानाच्या मागेसुद्धा उठली आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी वह्या काढून बसले. अठरा वर्षांच्या नोकरीच्या वह्या एका पेटीत आहेत. त्यात टार्गेट, शिफ्ट, ओव्हरटाइम, सुया किती मोडल्या, सगळं आहे. ते वाचून कुणाचं भलं होणार नाही. म्हणून गाळ्याच्या वहीतलं हे एकच पान घेतलं.

आम्ही पाचजणी मूळच्या सीट कव्हरवाल्या. चाकणला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत मी लाइन लीडर होते, बाकीच्या चौघी माझ्या लाइनवर. तुमच्या गाडीत तुम्ही ज्यावर बसता ते कव्हर वीस-पंचवीस तुकडे जोडून होतं, आणि ते जोडणारे हात बहुतेक बायकांचे असतात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. या कामाचा एकच धर्म: टाका घट्ट. शिवण यंत्राला लावून ओढून बघतात. कापड फाटलं तर चालतं, पण शिवण सैल पडली तर पूर्ण लॉट परत. शकीलाचा टाका आमच्या लाइनवर सगळ्यात घट्ट. तिने शिवलेली शिवण उसवायला ब्लेडला घाम फुटायचा.

मग कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्ही घरी आलो. पाचजणींनी मिळून काळेवाडीत गाळा घेतला. शाळांच्या गॅदरिंगचे कपडे, मुलींचे वाढदिवसाचे फ्रॉक, लग्नातले घागरे अशी कामं मिळू लागली. पण गॅदरिंगचा हंगाम दोन महिन्यांचा आणि लग्नाचा तिथीचा. मधे मशिनवर धूळ. मंगलने रांजणगावला अर्ज केला तेव्हा मी रागावले नाही. तिचं बरोबरच होतं. आम्ही बसून ठरवलं: अन्विता मॅडमच्या सोळा टूटूंचं काम हातात आहे, कार्यक्रम आठ फेब्रुवारीला. तो चांगला झाला तर गाळा चालू ठेवायचा. फसला तर कुलूप लावायचं आणि जिने तिने आपापलं बघायचं. हे वहीत लिहून पाचजणींच्या सह्या घेतल्या. सह्या घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हे काम आमच्याकडे आलं कसं, ते सांगते. चिखलीच्या एका घरचं लग्न होतं. सुलभाताईंच्या माहेरच्या नात्यातले, जुने गाववाले, जमिनी विकून आता बांधकामात असलेले. नवरीची आई घागरा सांगायला आली.

“घेर असा पायजे,” ती म्हणाली, “की नवरदेव चार हात लांब हुभा ऱ्हायला पायजे.”

“मग हार कसा घालणार?” मी विचारलं.

“त्यो त्याचा प्रश्न हाय.”

घागरा फुगवण्यासाठी आत कडक जाळीचे थर लावतात, त्याला बाजारात कॅनकॅन म्हणतात. पिंपरी कॅम्पातल्या जाळीवाल्याकडे गेलं की तो आधी तेच विचारतो, दीदी, चार लेअर का सहा? आम्ही आठ लावले. घागरा इतका ताठ झाला की आत माणूस नसतानाही उभा राहिला. नवरी लग्नाच्या दिवशी उघड्या जीपमध्ये मावली नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून मांडवात आली आणि तीच मिरवणूक झाली. व्हिडिओ सगळ्या पंचक्रोशीत फिरला. लग्नाच्या आदल्या दिवशी तो घागरा आमच्या गाळ्याच्या दारात एकटाच उभा होता, आणि रस्त्यावरून जाणारी एक बाई स्कूटर थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. त्या अन्विता मॅडम.

“हा उभा कसा राहिला?” त्यांनी विचारलं.

“हट्टानं,” ज्योती म्हणाली. ज्योती लातूरकडची. तिच्या बोलण्याला तोड नाही.

अशी सुरुवात झाली. मॅडमनी परदेशात शिकत असताना वापरलेला एक जुना टूटू आणून टेबलावर ठेवला. बघा, मोजा, पण उसवू नका म्हणाल्या. पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा झालेला. वर तंग चोळी. खाली चड्डी. आणि त्या चड्डीवर शिवलेले जाळीचे अकरा थर, सगळ्यात खालचा चार बोटं रुंद आणि सगळ्यात वरचा हातभर. त्यामुळे कमरेभोवती आडवी थाळी धरल्यासारखी दिसते.

सुलभाताई आमच्यात वयाने मोठ्या. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

“म्हंजी चड्डीवर जाळी शिवायची?”

“हो.”

“आन् ह्ये घालून चारचौघांत नाचायचं?”

“हो, ताई.”

“बरं हाय,” त्या म्हणाल्या. “निदान पायात तरी अडकायचं न्हाई.”

मला ते हसण्यावारी वाटलं. मॅडमना नाही. “अगदी हेच कारण आहे,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी सगळा इतिहास सांगितला. मी लिहून घेतला, कारण कुठलाही भाग का आहे ते कळल्याशिवाय मला तो शिवता येत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या रंगमंचावर नाचणाऱ्या मुली त्या काळच्या श्रीमंत बायका मेजवानीला घालत तसाच झगा घालायच्या. तंग चोळी, उघडे खांदे, घंटेसारखा घेर. तोच झगा पांढरा आणि पातळ केला, घोट्याच्या वर घेतला, म्हणजे पायाचं काम दिसेल. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायची कला तेव्हा नवी होती. ती झाकून कशी चालेल? लोकांना त्या मुली हवेत तरंगणाऱ्या पऱ्या वाटल्या. मग उलटं झालं. मेजवानीच्या बायकांना पऱ्यांसारखं दिसावंसं वाटलं आणि त्यांनी पांढऱ्या जाळीचे झगे शिवून घेतले. पुढे नाच अवघड होत गेला, उड्या उंच झाल्या, गिरक्या वाढल्या, तसा झगा आखूड होत गुडघ्यावर आला, मग मांडीवर, आणि शेवटी आडवाच झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या फॅशनवाल्यांनी पुन्हा नाचातूनच उचललं: मुठीत मावेल अशी कंबर आणि खाली वारेमाप कापडाचा घेर. मधली लढाईची वर्षं कापड जपून वापरण्यात गेली होती, त्यामुळे लोक घेराला भुकेले होते.

“आणि तुमच्या पायात आहे ना, तीसुद्धा,” मॅडम ज्योतीला म्हणाल्या. ज्योतीने खाली पाहिलं. तिच्या पायात बसस्टॉपजवळच्या दुकानातून घेतलेली बिनटाचेची बेली होती. “ही बॅलेच्या बुटावरूनच आली.”

“म्हणजे मी अर्धी तयारच आहे की,” ज्योती म्हणाली.

मला मात्र त्या इतिहासातल्या दोनच गोष्टी मनाला भिडल्या. एक म्हणजे जाळी. आधी जाळी हाताने विणायचे आणि ती राणीलाच परवडायची. मग इंग्लंडात जाळी विणायचं यंत्र निघालं, थानच्या थान जाळी निघू लागली, आणि मगच हे पऱ्यांचे कपडे सगळ्यांना शक्य झाले. म्हणजे परी कारखान्यातून आली! माझे वडील पिंपरीत तीस वर्षं लेथवर उभे राहिले. हे ऐकायला ते हवे होते. दुसरी गोष्ट आगीची. तेव्हा रंगमंचावर गॅसचे उघडे दिवे असत. पातळ कापड दिव्याला लागलं की भडकायचं, आणि कित्येक मुली तशा भाजून गेल्या. कापड पेटू नये म्हणून एक औषध निघालं होतं, पण ते लावलं की झगा कडक आणि मळकट व्हायचा, म्हणून नाचणाऱ्या ते नको म्हणायच्या. शकीलाने विचारलं, “मरण चाललं, पण कडक कापड नाही चाललं?” मॅडम म्हणाल्या, “नाही चाललं.” आम्ही तेव्हा त्यातून काही शिकायला हवं होतं. शिकलो नाही.

मी त्या जुन्या टूटूची यादी केली. अकरा थर. प्रत्येक थराची रुंदी. चुणी किती. वरून चौथ्या थरात पोलादी तारेचं कडं, त्यामुळे घेर खाली पडत नाही. आणि शेवटी, थर एकमेकांपासून सुटे उडू नयेत म्हणून वरून खालपर्यंत हाताने घातलेले टाके, दर चार इंचांवर एक. एका टूटूत पाचशेच्या वर टाके होतात. यादी सुबक होती. मॅडमनी पाहून मान डोलवली आणि पूर्ण डिसेंबरभर त्या परगावी गेल्या.

इथे मी असं काही केलं जे अठरा वर्षांत कधी केलं नव्हतं. कंपनीत पहिला पीस पास झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. तारीख जवळ येत होती, मॅडम नव्हत्या, आणि माझा माझ्या यादीवर विश्वास होता. मी लाइन सुरू केली. ज्योती चुण्या, मंगल थर जोडणं, सुलभाताई तारेचं कडं, शकीला हाताचे टाके. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सात टूटू तयार होते आणि नऊ अर्ध्यावर.

अकरा तारखेला सईने त्यातला पहिला घातला. सई रावेतला राहते, सतरा वर्षांची, कार्यक्रमातली मुख्य नर्तकी. ती आरशासमोर उभी राहिली आणि आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. घेर पाण्यासारखा सपाट होता. सुलभाताईंनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

मग सईने उडी मारली.

ती वर गेली तसा घेर तिच्याबरोबर पत्र्यासारखा अख्खा वर गेला. ती खाली आली तसा अख्खा खाली आला आणि पुढची कड तिच्या मांडीवर आपटली. आवाज झाला, खरोखर आवाज झाला. गिरकी घेतली तर गाडीचं चाक फिरावं तसा फिरला. सईने दोन्ही हातांनी तो दाबून धरला आणि मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी घेराची कड हातात धरून पाहिली. मग म्हणाल्या, “शिवण फार सुंदर आहे.”

“पण?” मी विचारलं.

“पण हा हलत नाही. ती थांबल्यावर याने जरासं हललं पाहिजे. हा तिच्या आधीच थांबतो.” त्यांनी थरांमध्ये बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही. “वंदनाताई, मला आता दिल्लीहून तयार मागवायला लागतील का? मला गुरुवारपर्यंत सांगा.”

त्या गेल्यावर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी शकीलाकडे वळले. “इतके आवळून टाके कुणी घालतं का? जाळी आहे ती, रेग्झिन नाही!”

शकीलाने सुई खाली ठेवली. “वंदूताई, अठरा वर्षं तुम्ही टाका सैल पडला की माझ्या पीसला लाल टॅग लावायचात. एकदा तर दोन टॅगचा मेमो दिला होता. आठवतं?”

“आठवतं.”

“मग आज कुठून सैल घालू? यादीत लिहिलंय का कुठे सैल घाला म्हणून?”

मी यादी काढली. टाक्यांची संख्या होती. अंतर होतं. धाग्याचा नंबर होता. टाका किती ढिला, हे नव्हतं. मी त्या जुन्या टूटूचे टाके मोजले होते, पण एकाही टाक्याखाली बोट घालून पाहिलं नव्हतं. अठरा वर्षं घट्ट टाकाच पाहिल्यावर ढिला टाका डोळ्यांना दिसलाच नव्हता. दिसला असता तर मी तो जुना झाल्यामुळे सुटला असं समजले असते.

“चूक माझी,” मी म्हणाले. “आणि तो मेमोसुद्धा चुकीचा होता. त्या दिवशी मशिनवर धाग्याचं टेन्शन बिघडलं होतं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी बोलले नाही.”

“मला तेव्हाच माहीत होतं,” शकीला म्हणाली. तिने ब्लेड उचललं. “चला, उसवायला घ्या. माझे टाके आहेत, तुमच्याने होणार नाही एकटीने.”

तेवढ्यात मंगल रांजणगावहून आली. पिशवी खांद्यावर, तोंडावर आनंद लपवलेला. तिची निवड झाली होती. एक मार्चपासून रुजू. समोर सात टूटू आणि चौघींच्या हातात ब्लेड पाहून तिने काही विचारलं नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि ब्लेड मागितलं.

साडेतीन हजार टाके उसवायला दोन दिवस गेले. पण खरा प्रश्न पुढेच होता. ढिला म्हणजे किती ढिला? सुलभाताई म्हणाल्या, “बोट घालून टाका घ्या की. गोधडीला आमी तसंच करतो.” करून पाहिलं. पण सुलभाताईंचं बोट शेतातलं, ज्योतीचं काडीसारखं. एका घेरात दोघींची बोटं आली की घेर एका बाजूला कलायचा. शिवाय पाच बायकांची पाच बोटं, त्यात सकाळचा टाका निराळा आणि संध्याकाळचा निराळा.

उत्तर मंगलने शोधलं. गाळ्याच्या कोपऱ्यात कंपनीतून आणलेल्या सीटच्या फोमचे तुकडे होते, बसायला उशा करायच्या म्हणून ठेवलेले. तिने बारा मिलिमीटरच्या फोमची पट्टी कापली, दोन थरांच्या मधे सरकवली, वरून टाका घेतला, पट्टी ओढून काढली. टाका तेवढाच ढिला राहिला. दुसरी पट्टी, दुसरा टाका, तेवढाच. मी मोजपट्टीने मोजलं. चाळीस टाके, चाळीस सारखे.

“आता माझा टाका घट्ट घातला तरी ढिलाच राहणार,” शकीला म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की तिने सुई टेबलावर टोचून ठेवली.

गुरुवारी सई परत आली. तिने उडी मारली. ती खाली आली आणि घेर तिच्यामागून, श्वास सोडावा तसा, एकेक थर करत खाली बसला. तिने गिरकी घेतली आणि थांबली. घेर थांबला नाही. पाऊण क्षण तो तसाच फिरत राहिला, मग कडेला एक लाट आली आणि विरली. सईने स्वतःच मागे वळून पाहिलं. मग कुणी न सांगता तिने पुन्हा गिरकी घेतली. पुन्हा. मॅडम दाराला टेकून उभ्या होत्या. “दिल्लीचा नंबर मी खोडते,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्यांना वाटतं, एकदा कपडा जमला की संपलं. टूटूची घडी घालता येत नाही, तो धुता येत नाही, आणि नीट ठेवायचा तर उलटा टांगावा लागतो. धुता येत नाही म्हणजे घामाचं काय? मॅडमनी सांगितलं, आतून व्होडका शिंपडायची. वास जातो आणि डाग पडत नाही.

“दारू?” सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. “कापडाला?”

“कापडालाच, ताई.”

“कापडाचं नशीब बघा.”

आणायला मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा वाइन शॉपच्या लोखंडी जाळीच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले, आणि माझ्यामागे कोण, तर आमच्या कंपनीचा जुना स्टोअरकीपर.

“लीडर? तुम्ही?”

“कपड्यांसाठी आहे.”

“राहू द्या हो,” तो समजूत घालत म्हणाला. “आम्हीपण घरी कायतरी सांगतोच.”

आठ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता सोळा टूटू काळेवाडीहून चिंचवडच्या नाट्यगृहात न्यायचे होते. टेम्पोत एकावर एक ठेवले तर चेपणार. ज्योतीचा नवरा चाकणला गाड्यांचे बंपर पोचवतो. बंपरला ओरखडा आला तरी परत येतो, म्हणून ते टांगून न्यायची चाकांची लोखंडी घोडी असते. त्याने तशा दोन आणल्या. सोळा टूटू उलटे टांगून, मधे चादरी लावून आम्ही निघालो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने डोकावून विचारलं, “काय भावा, कोबी का?” ज्योतीच्या नवऱ्याने मान न वळवता सांगितलं, “विलायती.”

कार्यक्रम अकराला सुरू झाला. आमच्यापैकी कुणीच बॅले पाहिलेला नव्हता. आम्ही पाचजणी पडद्याआड उभ्या, प्रत्येकीच्या पदराला किंवा ओढणीला सुया टोचलेल्या. सईच्या प्रवेशाला चार मिनिटं उरली होती. ती अंग सैल करायला वाकली आणि चोळीच्या मागचे तीन हूक पटापट तुटले. चूक पुन्हा आमचीच. आम्ही माप ती शांत उभी असताना घेतलं होतं. सीटच्या फोमला फुफ्फुसं नसतात. धापा टाकणाऱ्या मुलीच्या बरगड्या किती फुगतात याचा विचार आमच्या डोक्यात आला नव्हता.

मॅडमचा चेहरा उतरला. सई हात मागे नेऊन तुटलेले हूक चाचपायला लागली. मी वही उघडली आणि काय शोधत होते ते मलाच कळेना.

शकीलाने सईला खांद्याला धरून पाठमोरी केली. “मोठा श्वास घे. भरून. आता सोडू नको.” तिने मेण लावलेला दुहेरी धागा घेतला आणि मुलीला चोळीतच शिवायला सुरुवात केली. कमरेपासून वर, सीट कव्हरची बंद शिवण घालतात तशी. मंगल दोन्ही काठ धरून होती. “सोड श्वास. लागतं का?”

“नाही, मावशी.”

“तुटणार नाही. मी घातलाय.” तिने धागा दाताने तोडला. “जा.”

सई गेली. पुढची अकरा मिनिटं मी तिचे पाय पाहिलेच नाहीत. मी ती शिवण पाहत होते, आणि घेर. ती उंच उडाली आणि अकरा थर एकामागून एक तिच्याखाली उमलले. मागून पंधरा मुली आल्या, पंधरा घेर, सगळे एकाच मापाच्या ढिलाईने हलणारे. पहिल्या रांगेतलं एक लहान पोर मोठ्याने म्हणालं, “आई, त्या जमिनीला लागत नाहीत!” लोक हसले, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सुलभाताईंनी माझा दंड पकडला. त्यांच्या नखांचे वण दोन दिवस राहिले.

शेवटी मॅडमनी आम्हाला रंगमंचावर बोलावलं. आमच्यापैकी कुणी तयार नव्हतं. ज्योती बेली घालून सगळ्यात पुढे गेली आणि मुलींसारखी एक पाय मागे घेऊन वाकली. लोकांनी तिच्यासाठी वेगळ्या टाळ्या वाजवल्या. शिवणाऱ्या बायकांसाठी टाळ्या वाजतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कंपनीत आम्ही पाठवलेली सीट कुठल्या गाडीत गेली तेसुद्धा कळायचं नाही.

बाहेर मोकळ्या जागेत वडापाव खाताना मी वही काढली. पाच सह्यांचं पान समोर धरलं. “ठरल्याप्रमाणे विचारते,” मी म्हणाले. “गाळा चालू ठेवायचा?”

सुलभाताई म्हणाल्या, “व्हय.” शकीलाने तोंडात घास होता म्हणून हात वर केला. ज्योती म्हणाली, “विचारता कशाला?”

सगळ्या मंगलकडे बघत राहिलो. तिने तळलेली मिरची कागदात गुंडाळून ठेवली. “मी शनिवारीच फोन केला त्यांना,” ती म्हणाली. “येत नाही म्हणून सांगितलं.”

“कार्यक्रमाच्या आधी?” मी विचारलं. “आणि फसला असता तर?”

“फोमची पट्टी मी कापली होती,” मंगल म्हणाली. “फसणार कसा?”

आता ऑगस्ट चालू आहे. रावेतच्या एका प्री-वेडिंग शूटवाल्याला नवऱ्या मुलींसाठी जाळीचे गाऊन हवे आहेत, नाचऱ्या घेराचे. वाकडच्या आयांना वाढदिवसाच्या फ्रॉकला कॅनकॅन नको झालाय, त्या येऊन सांगतात, “ते मागून हलतं ना, तसं.” मॅडमना पुढच्या कार्यक्रमासाठी बावीस टूटू हवे आहेत. पहिला पीस पास झाल्यावरच लाइन सुरू होईल. यादीत ‘ढिलाई’ असा नवा रकाना आहे आणि ‘श्वास’ असा दुसरा.

मागच्या आठवड्यात मॅडम सोळा टूटू किरकोळ दुरुस्तीला घेऊन आल्या. प्रत्येकाच्या आत, कमरेपाशी, तो घालून नाचलेल्या मुलीच्या नावाची फीत त्यांनी शिवली आहे. मॅडम म्हणाल्या, ही जुनी रीत आहे. पुढे तो टूटू दुसऱ्या मुलीला गेला की तिची फीत खाली लागते, आणि अशी नावं साठत जातात. मग त्यांनी विचारलं, “आणि तुमचं लेबल कुठे आहे?”

आमचं लेबलच नव्हतं. तेव्हापासून गाळ्यात भांडण चालू आहे. सुलभाताईंना पाचही नावं हवीत. ज्योती म्हणते, पाच नावं लिहिली तर चोळीपेक्षा लेबल मोठं होईल. शकीलाचं म्हणणं, वंदूताईंचं एकटीचं घाला. त्याला मी नकार दिलाय आणि नकार वहीत नोंदवलाय. मंगल म्हणते नुसतं ‘काळेवाडी’ लिहा, पुरे. लेबल विणून देणाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला, सोमवारी परत येणार आहे. त्याचा फॉर्म मी भरून ठेवला आहे: रुंदी, लांबी, रंग, नग. फक्त मजकुराची ओळ रिकामी आहे.